पहारेकऱ्याच्या छातीतली खिडकी

आंपारो बारागानच्या हातून एकच जागा रंगवायची राहिली, आणि नेमकी तीच सगळ्या देशाने पाहिली. नशीब म्हणतात ते हेच. तिने रंगवलेल्या हजारो टोप्या, बोटी, मिशा आणि दाढ्या कुणी ढुंकून पाहिल्या नाहीत. त्यांची तिला कुणी शाबासकी दिली नाही. जी जागा तिने रंगवली नाही, तिच्यासाठी मात्र पोरांनी पोतंभर पत्रं लिहिली.

कॅलिफोर्नियातल्या आमच्या बरबँकमध्ये तेव्हा दोन-तीन गल्ल्या ओलांडल्या की कार्टूनचा एखादा स्टुडिओ लागायचा. शनिवारी सकाळी पोरं दुधात बुडवलेला कॉर्नफ्लेक्स चमच्याने ढवळत टीव्हीपुढे बसायची आणि जे काही बघायची, ते इथल्या बायकांनी हाताने रंगवलेलं असायचं. हो, बायकांनीच. चित्रं काढणारे पुरुष वरच्या मजल्यावर, खिडकीजवळ. रंगवणाऱ्या बायका खाली, ट्यूबलाइटच्या उजेडात. का, म्हणून विचारू नका. कुणी विचारलंच नाही कधी.

१९७८ सालच्या ऑगस्टमध्ये आंपारो या खालच्या मजल्यावर लागली. वय चौतीस. राहायला जवळच्या पाकोइमा गावात. आधी ती चिनीमातीच्या बाहुल्यांच्या कारखान्यात संतांच्या गालांना लाली लावायची. तो कारखाना बंद पडला. घरात ती आणि दहा वर्षांची लेक नेलिदा. नवरा रामिरो द्राक्षांच्या हंगामाला म्हणून फ्रेस्नोला गेला होता. त्याला तीन वर्षं झाली, आणि तो हंगाम काही अजून संपला नव्हता.

कार्टूनचं कामही हंगामीच. उन्हाळ्यात चाळीस बायका घ्यायच्या आणि डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी दारावर यादी लावायची. यादीत आठ-दहा नावं. ज्यांची नावं असतील त्या कायम. बाकीच्यांनी आपापला डबा आणि ब्रश उचलून घरी जायचं. आंपारोला त्या यादीत यायचंच होतं. नाही आली तर नेलिदाला शाळेतून काढून भावाकडे जावं लागणार होतं, आणि भावजय कशी होती ते आंपारोला ठाऊक होतं. भावजय वाईट नव्हती, पण रोज सकाळी भाकरी मोजणारी होती.

रंगखात्यावर ड्वाइट लूमिस नावाचा साहेब होता. माणूस ओरडका, पण मनाने तितकासा काळा नाही. त्याच्यावर ओरडणारे वर चार जण होते, एवढंच. त्याचा नियम एकच होता: हंगामी बाईची चूक कॅमेऱ्यापर्यंत गेली, की ती बाई यादीत येणार नाही.

आता काम कसं चालायचं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चित्र पारदर्शक तावावर काळ्या रेषांनी उतरवलेलं यायचं. त्यात आकडे घातलेले. ताव उलटा करायचा आणि पाठीमागून, आकडा बघून, त्या आकड्याच्या बाटलीतला रंग भरायचा. मग तो ताव समुद्राच्या नाहीतर डोंगराच्या चित्रावर ठेवायचा आणि कॅमेऱ्याने टिपायचा. सिनेमावाले प्रत्येक हालचालीला नवा माणूस काढतात. टीव्हीवाल्यांना तेवढी ऐपत नाही. ते अंग एकदाच काढतात. अंग तसंच उभं, हलतं ते नुसतं तोंड, नाहीतर एखादा हात. म्हणजे अंगाच्या एकाच तावावर अख्खा प्रसंग निघतो. एवढंच नाही, तो ताव जपून ठेवतात आणि पुढच्या भागांत पुन्हा तोच वापरतात.

त्या वर्षी काम चालू होतं कॅप्टन हॅलयार्डचं. हा कॅप्टन मूळचा न्यूयॉर्कच्या कॉमिकमधला. दोरखंडाला लोंबकळत समुद्रावरून उडायचा आणि चाच्यांना बुकलून काढायचा. तीस वर्षं त्याचं पुस्तक दर महिन्याला निघत होतं. आमच्या स्टुडिओने त्याला टीव्हीवर आणलं. एका भागात तो समुद्राच्या तळाशी तुरुंगात अडकतो. तिथे फाटकावर एक धिप्पाड पहारेकरी. त्याने करायचं काय, तर फाटक उघडून बाजूला व्हायचं. कॉमिकमध्ये हा गडी नव्हताच. वरच्या मजल्यावर कुणाला तरी फाटक उघडायला माणूस हवा होता म्हणून घातलेला. त्याला नाव नाही, तोंडी एक शब्द नाही. कागदावर नुसतं ‘पहारेकरी क्रमांक दोन’.

त्या पहारेकऱ्याचं अंग आंपारोच्या टेबलावर आलं. सप्टेंबरचा शेवटचा गुरुवार होता, उकाडा मी म्हणत होता. छातीचा डावा भाग आकडा एक्केचाळीस, निळसर करडा. बाटलीत थेंब नाही. रंग कालवणाऱ्याने सांगितलं, दहा मिनिटं. अशा वेळी रीत अशी की ती जागा सोडायची आणि तावावर कागदाची चिठ्ठी अडकवायची, म्हणजे राहिलंय ते लक्षात राहतं. आंपारोने बाकीचं अंग झकास रंगवलं आणि चिठ्ठी लावली नाही. ‘दहा मिनिटांसाठी कसली चिठ्ठी?’ असं म्हणाली आणि पुढचा ताव घेतला.

दहा मिनिटांनी लूमिस टाळ्या वाजवत आला. “चला, चला! तुरुंगाचं बाड द्या, कॅमेरावाला माझ्या डोक्यावर बसलाय!” आंपारोने वाळवणीवरचे ताव गोळा केले आणि बाडात घातले. एक्केचाळीस नंबरची बाटली आली, तोवर बाड गेलं होतं. आणि बाटली का मागवली होती, हेच ती विसरली. पन्नास बाटल्या समोर असतात हो, कुणीही विसरेल.

पण बाड सरळ कॅमेऱ्याकडे जात नसे. वाटेत सिरानूश केलेजियानचं टेबल होतं. सिरानूशबाई शेवटची तपासणी करायच्या. वय त्रेसष्ट, जन्म अलेप्पोचा, आर्मेनियन, स्टुडिओत एकोणीस वर्षं. प्रत्येक ताव त्याच्या चित्रावर ठेवून बघायचा आणि बाडावर सही करायची. त्यांनी सही केली की ब्रह्मदेवही आडवा येत नसे. बायका त्यांना टरकून असायच्या. कुणाचा ब्रश केसभर रेषेबाहेर गेला तर बाई काही बोलायच्या नाहीत. नुसता ताव परत आणून टेबलावर ठेवायच्या आणि उभ्या राहायच्या. त्या हल्ली ताव अगदी नाकाला लावून बघायच्या. शेजारच्या टेबलावरची डोरीन म्हणायची, “बघते कसली, वास घेते म्हातारी!” डोरीनच्या जिभेला हाड नव्हतं.

त्या गुरुवारी सिरानूशबाईंनी तुरुंगाचं बाड पाहिलं, सही केली आणि पुढे पाठवलं.

दोन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी आंपारो स्वयंपाकघरात अंडी परतत होती. बाहेरून नेलिदा किंचाळली, “आई! ए आई! त्याच्या छातीतून मासा गेला!”

आंपारो हातात उलथनं घेऊन आली. पडद्यावर पहारेकरी उभा होता. उंच, खांदे दरवाजाएवढे. आणि छातीत डावीकडे जिथे रंग नाही तिथून मागचा समुद्र दिसत होता. हिरवं पाणी, शेवाळ, आणि एक पिवळा मासा सावकाश पोहत या बाजूने आत गेला आणि त्या बाजूने बाहेर पडला. पहारेकऱ्याने फाटक उघडलं. कॅप्टन हॅलयार्ड सुटला.

“कसला भारी आहे!” नेलिदा म्हणाली. “हा कोण गं?”

“कोणी नाही,” आंपारो म्हणाली. अंडी करपली, ती तिने तशीच खाल्ली.

सोमवारी लूमिस बाड हातात घेऊन खात्याच्या मधोमध उभा राहिला. चेहरा बिटासारखा. “चॅनेलवाल्यांचा फोन आला होता मला! रविवारी, घरी! मी जेवत होतो! कुणी रंगवलं हे?”

बाडावर रंगवणारीची सही नसायची, तपासणारीची असायची. कुणी रंगवलं ते फक्त आंपारोला ठाऊक होतं, आणि डोरीनला, कारण डोरीनला सगळंच ठाऊक असायचं. आंपारो उठणार होती. खरंच उठणार होती, खुर्ची मागे सरकवलीसुद्धा.

तेवढ्यात सिरानूशबाई म्हणाल्या, “सही कुणाची आहे?”

“तुमची आहे, पण मी विचारतोय—”

“मग पुढे काय विचारता? ती बघायला मी बसलेय. मी पास केलं, चूक माझी. कुणी रंगवलं, कशाला हवंय? इथे चाळीस जणी रंगवतात.”

वरच्यांना कुणाचं तरी डोकं हवं होतं, ते आयतं मिळालं. दुपारपर्यंत सिरानूशबाईंचं टेबल रिकामं झालं. त्यांना मागच्या खोलीत धुण्यावर धाडलं. वापरून झालेले, नको असलेले ताव गरम पाण्यात टाकायचे, बोटांनी रंग सोडवायचा, पुसायचे आणि परत वापरायला द्यायचे. नवख्या पोरींचं काम. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, एकोणीस वर्षं नोकरी झालेली बाई नळाखाली हात घालून उभी राहिली.

जेवणाच्या सुट्टीत आंपारो मागच्या खोलीत गेली. “सिरानूशबाई, मी रंगवलं होतं ते. म्हणजे, नव्हतं रंगवलं. मी साहेबांना सांगते.”

बाई एकदम वळल्या. “कुणाला सांगितलंस?”

“अजून कुणालाच नाही.”

“सांगायचं नाही. ऐकलंस? पुन्हा चौकशी नको, पुन्हा बाड उघडायला नको. तुला माझी शपथ आहे, पोरी. तोंड उघडलंस तर मी तुझं तोंड बघणार नाही.”

याला म्हणतात माणूस, आंपारोला वाटलं. ओळख ना देख, आपली ना जातीची ना भाषेची, आणि माझ्या पोरीच्या घासासाठी पाण्यात हात घालून उभी आहे. त्या रात्री तिने ग्वादालुपेच्या मेरीमातेपुढे दोन मेणबत्त्या लावल्या: एक सिरानूशबाईंसाठी, एक आपल्या गप्प बसण्याची माफी म्हणून. आणि दर सोमवारी ती मक्याच्या पिठाचे, केळीच्या पानात वाफवलेले तामाले घेऊन धुण्याच्या खोलीत जायला लागली.

“पुन्हा आणलेस?” सिरानूशबाई म्हणायच्या. “तुझ्या या तामाल्यांनी मी माझ्या गाडीत मावेनाशी झाले. स्टिअरिंग पोटाला लागतं.”

“खा हो. डुकराचं मटण आहे, तिखट कमी घातलंय.”

“कमी कशाला घातलंस? आम्ही काय आजारी आहोत?”

मग बाई खायच्या, आणि आंपारो त्यांच्या लाल झालेल्या, सुरकुतलेल्या बोटांकडे बघत राहायची.

इकडे गंमत वेगळीच झाली. तो ताव आधीच आणखी दोन भागांत वापरून झाला होता आणि ते भाग पाठोपाठ दाखवले गेले. पोरांनी पत्रं लिहायला सुरुवात केली. ‘छातीत खिडकी असलेला माणूस पुन्हा केव्हा येणार?’ ‘खिडकीवाल्याला थंडी वाजते का?’ ‘त्याचं हृदय कुणी नेलं?’ एका पोराने त्याचं चित्र काढून छातीच्या जागी कात्रीने कागदच कापून काढला होता. चॅनेलवाल्यांनी दुसरा फोन केला, आणि या वेळचा आवाज गोड होता.

वरच्या मजल्यावर लगेच आयत्या बिळावर नागोबा तयार झाले. एकजण म्हणाला, ती माझी कल्पना. दुसरा म्हणाला, आम्ही मीटिंगमध्ये ठरवलं होतं. लूमिस म्हणाला, “आम्ही काही तरी नवीन करून बघत होतो.” हे तो बोलत होता तेव्हा सिरानूशबाई पंधरा पावलांवर ताव घासत होत्या. पण त्यांना परत बोलवायचं म्हणजे आपण चुकलो असं म्हणायचं, आणि तेवढी उदारता साहेबलोकांत नसते. बाई धुण्यावरच राहिल्या. ऑक्टोबर गेला, थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की खाऊन झाली, यादी लागायला तीन दिवस उरले.

त्या मंगळवारी न्यूयॉर्कहून मिल्ट झायडेल आला. कॅप्टन हॅलयार्डचं कॉमिक लिहिणारा. आडवा, टकला, कोटावर राख सांडलेली. डिसेंबर तोंडावर आला तरी आमच्याकडच्या उन्हात घामाघूम झालेला. वरच्यांशी बोलून झाल्यावर त्याला रंगखातं बघायचं होतं. लूमिस त्याला घेऊन खाली आला, आणि तो नेमका आंपारोच्या टेबलाशी थांबला, कारण पहारेकऱ्याचा ताव तिच्यासमोर होता. त्याच्या हातावरचा रंग दुरुस्त करायला तो परत आला होता.

“हाच ना तो?” झायडेलने ताव उजेडात धरला आणि भोकातून लूमिसकडे बघितलं. “बाई, मी काय सांगतो ऐका. तीस वर्षं आम्ही कागदावर माणसं जन्माला घालतो आणि तुम्ही टीव्हीवाले ती उचलून नेता. उलटा प्रवास करून तुमच्याकडून आमच्याकडे येणारा हा पहिलाच. आमचे जुने वाचक आत्ताच शिव्या घालतायत, की टीव्हीची खोगीरभरती पुस्तकात नको. माझ्या संपादकालाही नकोय. मला हवाय. पण माझी पंचाईत अशी की कागद काही पारदर्शक नसतो. ही खिडकी मी काढू कशी?”

आंपारोने विचार न करताच उत्तर दिलं. “त्याला काढूच नका आधी. मागे काय आहे ते काढा. समुद्र असेल तर समुद्र, माणसं असतील तर माणसं. मग त्याच्यावर याला उभा करा, आणि तेवढी जागा सोडा.”

झायडेलने खिशातून सिगारेटचं पाकीट काढून त्याच्यावर लिहून घेतलं. “आणि ही खिडकी आहे कशासाठी? म्हणजे कारण काय? वर तिघांना विचारलं, तिघांनी तीन कारणं सांगितली.”

लूमिस घाईने म्हणाला, “तो एक प्रयोग होता. आमच्या टीमचा—”

आंपारोने ब्रश खाली ठेवला. नंतर ती सांगायची की तेव्हा तिला शूर वगैरे काही वाटलं नाही. मागच्या खोलीतल्या नळाचा आवाज येत होता, तेवढा ऐकू आला. शपथ आठवली. यादी आठवली. नेलिदा आठवली. आणि दीड महिना गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

“प्रयोग नव्हता. मी विसरले,” ती म्हणाली. “बाटली रिकामी होती, चिठ्ठी लावायची ती लावली नाही. चूक माझी. आणि माझ्या चुकीपायी सिरानूशबाई दीड महिना तिकडे धुण्यावर आहेत. एकोणीस वर्षं इथे काम केलेली बाई. हा खिडकीवाला एवढा आवडला ना सगळ्यांना? मग त्याला ज्या बाईने पास केलं, तिला कुणी विचारलं का? मला काढायचं तर काढा. पण हे खोटं मला आता ऐकवत नाही.”

खात्यातल्या सगळ्या जणींनी माना वर केल्या. डोरीन तर उठून उभी राहिली.

झायडेल आधी आंपारोकडे बघत राहिला, मग लूमिसकडे, आणि मग हसायला लागला. पोट धरून हसला. “विसरलात! हे सगळ्यांत चांगलं कारण आहे!” आणि मग हसू थांबवून म्हणाला, “कुठे आहेत त्या बाई? त्यांनी अडवलं असतं तर मी आज इथे आलोच नसतो.”

लूमिसचे कान लाल झाले. पण पाहुण्यासमोर करणार काय? त्याने स्वतः जाऊन सिरानूशबाईंना बोलावून आणलं. बाई ॲप्रनला हात पुसत दारात उभ्या राहिल्या. लूमिस खाकरला. “मिसेस केलेजियान, काही गैरसमज झाला होता. उद्यापासून तुमचं टेबल तुमचं.” आणि आंपारोकडे बोट करून म्हणाला, “आणि तू. बस, काम कर. शुक्रवारचं शुक्रवारी बघू.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. डोरीनने तर टेबलावर ब्रश बडवला. आंपारोचे डोळे भरून आले. देवा, फेडलं एकदाचं, तिला वाटलं.

सिरानूशबाई म्हणाल्या, “टेबल नको.”

टाळ्या थांबल्या.

“हुद्दा परत द्या, कागदावर लिहून द्या. पण मला धुण्यावरच राहू द्या.” आणि वळून निघूनही गेल्या.

“म्हातारीचा ताठा बघा,” डोरीन पुटपुटली. लूमिसने खांदे उडवले. त्याला काय, बरंच झालं. शुक्रवारी यादी लागली तेव्हा आंपारोचं नाव खालून दुसरं होतं, तेही झायडेलने जाताना वरच्या मजल्यावर शब्द टाकला म्हणून. मार्चमध्ये खिडकीवाला असलेला कॉमिकचा अंक आला. टीव्हीवरचा कॅप्टन हॅलयार्ड दोन वर्षांत बंद पडला, त्याचं आज कुणी नावही घेत नाही. खिडकीवाला मात्र कागदावर अजून उभा आहे. शिव्या घालणाऱ्या वाचकांची पोरं आता त्याच्या नावाने वर्गणी भरतात. पण हे सगळं नंतरचं. त्या मंगळवारी आंपारोला यातलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं, की आपण शपथ मोडली आणि बाई रागावल्या.

झायडेल तो ताव न्यूयॉर्कला घेऊन जाणार होता. आंपारो म्हणाली, “दहा मिनिटं द्या मला,” आणि ताव घेऊन मागच्या खोलीत गेली.

सिरानूशबाई नळ बंद करून बाकावर बसल्या होत्या.

“रागावलात?” आंपारोने विचारलं. “मारा मला हवं तर. पण मला राहवलं नाही. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत. माझी चूक बघूनही पास केलीत, वर दोष अंगावर घेतलात. आईनेही केलं नसतं कुणाच्या.”

“मूर्ख आहेस,” सिरानूशबाई म्हणाल्या. “मी तुझ्यासाठी काही केलं नाही गं, पोरी. ती चूक मला दिसलीच नव्हती.”

आंपारोला कळेना.

“डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दोन्ही. वर्ष झालं. सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतं. मी सवयीने पास करत होते, रंगवणाऱ्या पोरी चांगल्या म्हणून निभावलं. त्या सोमवारी साहेब चौकशी करणार म्हटल्यावर मी हादरले. दोन दिवस टेबलाशी उभा राहिला असता तर त्याला कळलं असतं की ही आंधळी झालीय. घरी बसवलं असतं, निवृत्तीच्या दोन वर्षं आधी. म्हणून म्हटलं, चूक माझी, पुढे विचारू नका. धुण्यावर धाडलं तेव्हा सुटले मी. इथे डोळे लागत नाहीत.”

“मग शपथ?”

“ती माझ्यासाठी घातली. तुझ्यासाठी नाही.” बाईंनी ॲप्रनच्या कोपऱ्याने नाक पुसलं. “मला वाटलं, तुला कळलंय. येऊन जवळ बसतेस, डोळ्यांकडे बघतेस. कळलंय आणि पोर गप्प राहिलीय, माझी नोकरी राखतेय, वर दर सोमवारी तामाले आणतेय. मी दर रविवारी चर्चमध्ये तुझं नाव घेते, माहितीय? माझ्या नातवंडांच्या आधी.”

आंपारो खाली बसली. ओल्या फरशीवरच. रडावं की हसावं तिला कळेना, म्हणून दोन्ही करून घेतलं. शेवटी तिने बाईंचे ते भिजून पांढरे पडलेले हात धरले. “ऑपरेशन का नाही केलंत?”

“बहिणीचं केलं होतं बैरूतला. तिचे डोळे गेले ते गेले.”

“ते तिकडे. इथे आपण दोघी जाऊ. मी सुट्टी काढते. मी बाहेर बसते, तुम्ही आत ओरडा.”

“बघू,” बाई म्हणाल्या. नाही म्हणाल्या नाहीत. मग थोड्या वेळाने, जरा लाजल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, “तो हातात घेऊन आलीस ना? खिडकीवाला? त्याच्यापायी एवढं रामायण झालं, पण मी त्याला पाहिलाच नाही बघ. कसा आहे?”

आंपारोने ताव उलटा करून त्यांच्या मांडीवर ठेवला. स्टुडिओत तावाला उघडं बोट लावलं तर लूमिस फाडून खायचा. बोटाचे ठसे कॅमेऱ्यात दिसतात. तिने सिरानूशबाईंचं बोट धरलं आणि रंगाच्या बाजूवर टेकवलं. वाळलेला रंग जाडसर लागतो हाताला. खांदा. दंड. मग छाती. बोट सरकत सरकत रंगाच्या काठाशी आलं आणि एकदम गुळगुळीत तावावर उतरलं. तिथे थांबलं.

“आहे,” सिरानूशबाई म्हणाल्या. “केवढी मोठी आहे गं. हे दिसलं नाही मला!”

आणि त्या हसायला लागल्या, आंपारोचा हात घट्ट धरून. बाहेर लूमिस हाका मारत होता, न्यूयॉर्कच्या पाहुण्याला विमान गाठायचं होतं, पण दोघींपैकी कुणीच उठलं नाही.